विटांचा खेकडा

वास्तववाद हा शब्द मी गेली वीस-बावीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. हरिभाऊ आपट्यांपासून निघून बाबुराव बागुलांपर्यंत पोहोचायचे तर वाटेत तो अनेकदा लिहावा लागतो, आणि दर वेळी त्याच्यापुढे काही ना काही अटी घालाव्या लागतात. ‘वास्तव म्हणजे जसेच्या तसे नव्हे’, ‘निवड अपरिहार्य’, ‘दृष्टिकोण कोणाचा?’ ही वाक्ये मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. विद्यार्थिनी असताना मीही तेच केले होते. ती वाक्ये मी कधी स्वतःच्या हातांनी तपासून पाहिली होती, असे मात्र म्हणता येणार नाही. ती वेळ आणली प्लास्टिकच्या विटांनी.

मी लेगोच्या विटांपासून आगगाडीची इंजिने बनवते. हे वाक्य लिहायला मला जितके सोपे गेले तितके ते स्टाफरूममध्ये उच्चारायला गेले नव्हते. चाळिशी उलटलेल्या, विभागात ‘साहित्यशास्त्र’ शिकवणाऱ्या बाईने मुलाच्या खेळण्यांत रात्री दीड वाजेपर्यंत बसावे, हे सहकाऱ्यांना (आणि काही काळ मलाही) समजावून सांगणे कठीण होते. कोणी विणकाम करते, कोणी बागकाम करते. त्यांना कोणी कारण विचारत नाही. खेळणे हे क्रियापद मात्र वयाशी बांधलेले आहे. गंमत अशी की ‘लेगो’ हे नावच मुळी दोन डॅनिश शब्दांचे आहे आणि त्यांचा अर्थ ‘छान खेळ’ असा होतो. डेन्मार्कमधील बिलुंड या गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. आज आपण ओळखतो त्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी त्याच्या मुलाच्या काळात दाखल झाले. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. भाषेच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे. आपल्याकडे १९५८ सालचे शुद्धलेखनही आजच्या शुद्धलेखनावर बसत नाही.

आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा किती प्रकारे एकमेकींत बसवता येतात? डॅनिश गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाकरवी काढलेले उत्तर ९१,५१,०३,७६५ असे आहे. मी हा आकडा व्याकरणाच्या तासाला सांगते. थोडे वर्ण, थोडे नियम आणि अगणित वाक्ये, हे मुलांना त्यातून चटकन कळते. पण आकडा सांगून झाल्यावर एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती अशी की या एक्क्याण्णव कोटींपैकी जवळजवळ सगळ्या रचना कशासारख्याच दिसत नाहीत. एखादी रचना कशासारखी तरी दिसावी, आणि पाहणाऱ्याने ‘हे तेच’ म्हणावे, यासाठी जे करावे लागते तो या लेखाचा विषय आहे.

सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. महाविद्यालय बंद, व्याख्याने पडद्यावरून. मुलगा तेव्हा नववीत होता आणि त्याच्या विटांचे दोन डबे माळ्यावर धूळ खात होते. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आईच्या पश्चात आमच्याकडेच राहायला आले होते. त्याच वर्षी लेगोने ‘क्रोकोडाइल’ या जुन्या स्विस विद्युत इंजिनाचा १२७१ तुकड्यांचा संच काढला. मुलाने त्याचे चित्र मोबाइलवर आजोबांना दाखवले. अण्णांना काचबिंदू आहे. त्या आजारात कडेची दृष्टी आधी जाते आणि मधली उरते. बोगद्यातून पलीकडचे तोंड दिसावे तसे जग दिसू लागते. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, चित्र हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत पाहिले आणि म्हणाले, “हा खेकडा. पण आपला नव्हे.”

‘आपला’ खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१ या वर्गाचे मालगाडीचे इंजिन. जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विद्युत गाडी धावली. पुढे तारा घाटांपर्यंत नेल्या गेल्या आणि भोर घाट व थळ घाट यांच्या १:३७ चढांसाठी १९२८ पासून ही इंजिने आली. पहिली काही स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात तयार झाली. ज्याच्या चित्राने आमच्या घरात खळबळ माजली ते स्विस इंजिनही त्याच कारखान्याचे अपत्य. म्हणजे अण्णांनी ओळखले ते नाते अगदी खरे होते. मध्ये उंच धड, पुढे-मागे दोन बुटकी नाके, आणि तिन्ही भाग वळणावर स्वतंत्रपणे वळणारे. प्रत्येक नाकाखाली तीन-तीन मोठी चाके, बाहेरून लोखंडी दांड्यांनी जोडलेली. स्विस लोकांना त्यात सुसर दिसली, आपल्या लोकांना खेकडा. कोणी म्हणतात चालताना त्या दांड्यांचे पाय हलत म्हणून, कोणी म्हणतात ते अंग हेलकावत जाई म्हणून. नाव कोणी ठेवले हे नोंदलेले नाही. पण ज्याने ठेवले त्याने ते पाणथळ जमिनीच्या, भाताच्या खाचरांच्या प्रदेशातून आणले, एवढे निश्चित.

अण्णा कर्जतला होते. १९६८ साली असिस्टंट म्हणून लागले, पुढे ड्रायव्हर झाले. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जोर देण्यासाठी जी जादा इंजिने लावतात त्यांना बँकर म्हणतात. (आमच्या घरी ‘ब्यांकर’.) माझ्या जन्माआधीची कित्येक वर्षे अण्णांनी बँकरवर काढली आणि त्यांतली काही खेकड्यावर. बँकरच्या ड्रायव्हरला समोर रूळ दिसत नाहीत. दिसते ती शेवटच्या डब्याची पाठ. सगळा घाट, बोगदे, धबधबे, खिडकीतून बाहेर डोकावून टाळ्या पिटणारी मुले, हे सारे त्या पाठीपलीकडे. चढ संपला की गाडी पुण्याकडे जाते आणि बँकर आल्या वाटेने खाली उतरतो.

माझ्या आठवणीतला खेकडा याहून वेगळा आहे. १९८६ चा मे महिना असावा. मी सात वर्षांची, दादा दहाचा. बँकरची कामे तोवर नव्या इंजिनांकडे गेली होती आणि एखादा म्हातारा खेकडा यार्डातली किरकोळ ने-आण करीत असे. त्या दिवशी अण्णांनी दादाला उचलून इंजिनात घेतले. मी हात वर केला. अण्णा म्हणाले, “तू थांब इथं,” आणि मी फलाटाच्या उतरत्या टोकाला थांबले. खेकडा शे-दोनशे पावले पुढे गेला आणि परत आला. दादाने खिडकीतून हात हलवला. मी जे पाहिले ते असे: दोन नाके, मधले धड, वर तारेला टेकलेला पँटोग्राफ आणि वरखाली होणाऱ्या दांड्या. हे सगळे मी अगदी नीट पाहिले, कारण मला दुसरे काही करण्यासारखे नव्हते. असो.

सांगायचा मुद्दा असा की ‘आपला खेकडा’ करायचा हे मी त्याच रात्री ठरवले, आणि तो हुबेहूब करायचा हेही.

हुबेहूब या शब्दाची पहिली परीक्षा प्रमाण घेते. मराठीत ‘प्रमाण’ म्हणजे मोजमापाचे गुणोत्तर, प्रमाण म्हणजे पुरावा आणि प्रमाण म्हणजे मान्य केलेला मानदंडही. हे तीनही अर्थ मला एकाच टेबलावर भेटले. आपल्या ब्रॉडगेजचे दोन रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. लेगोचे रूळ सुमारे साडेसदतीस मिलिमीटर अंतरावर. भागाकार केला तर १:४५ हे प्रमाण येते. त्या हिशोबाने आपला जुना निळा प्रवासी डबा, जो ३२४५ मिलिमीटर रुंद आहे, तो बरोबर बहात्तर मिलिमीटरचा होतो, म्हणजे नऊ बटणांचा (दोन बटणांच्या केंद्रांतील अंतर आठ मिलिमीटर असते). नऊ हा विषम आकडा. लेगोचे बहुतेक तुकडे सम आकड्यांचे. विषम रुंदीत मध्यरेषा सापडत नाही आणि प्रत्येक थरात तडजोड करावी लागते. म्हणून जाणकार लोक आठ बटणांची रुंदी पसंत करतात. मीही तीच घेतली आणि प्रमाण १:४८ वर नेले. त्यामुळे इंजिनाचे अंग बरोबर झाले, पण रूळ हवे होते त्याहून अडीच मिलिमीटर रुंद ठरले. एक खरे केले की दुसरे खोटे पडते, हे कळायला तीन दिवस लागले.

वळणाचे तर विचारूच नये. ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण सहसा घेत नाहीत. लेगोच्या वळणाची त्रिज्या ३२० मिलिमीटर. माझ्या प्रमाणात ती जेमतेम पंधरा मीटर भरते. खरे इंजिन अशा वळणावर घातले तर ते रुळांवर राहणार नाही. सुदैवाने खेकडा तीन भागांत दुमडतो. पण एका नाकाखालची तीन जोडलेली चाके ताठच राहतात. म्हणून मधल्या चाकाची कड, जी चाकाला रुळावरून उतरू देत नाही, ती नसलेली चाके वापरावी लागतात. हुबेहूब करायला निघालेल्या बाईने पहिले काम काय केले, तर मधल्या चाकाची कड काढून टाकली. चालण्यासाठी काय सोडावे लागते हा प्रश्न मी कादंबरीच्या संदर्भात अनेकदा विचारला होता. उत्तर इतके दातेरी आणि ठोस असते हे ठाऊक नव्हते.

दुसरी परीक्षा पृष्ठभागाची. विटेच्या माथ्यावरची बटणे दिसू द्यायची की झाकायची, यावर विटांच्या जगात दोन पंथ आहेत. बटणे झाकणारे लोक तुकडे आडवे, उलटे, कुशीवर बसवतात. ते जमते एका साध्या हिशोबामुळे: सर्वांत पातळ चकती ३.२ मिलिमीटर जाड असते, अशा पाच चकत्या म्हणजे सोळा मिलिमीटर, आणि सोळा मिलिमीटर म्हणजेच दोन बटणांची रुंदी. पाच उभ्या थरांचे दोन आडव्या घरांशी जुळते आणि मग भिंत कुठल्याही दिशेला वळवता येते. झालेले इंजिन इतके गुळगुळीत दिसते की ते विटांचे आहे हे सांगावे लागते. दुसरा पंथ म्हणतो की विटांचे आहे हे लपवायचे असेल तर लाकूड का नाही वापरत? मी आधी पहिल्या पंथात होते. जुन्या इंजिनावर रिव्हेटच्या रांगा असत, तेव्हा बटणे म्हणजेच रिव्हेट समजावेत असाही विचार मी करून पाहिला. पण बटणाचा व्यास ४.८ मिलिमीटर, अठ्ठेचाळीसने गुणले तर तेवीस सेंटिमीटर. तो रिव्हेट नव्हे, जेवणाची ताटली झाली.

या जगात शुद्धतावादीही आहेत. तुकडा कापायचा नाही, चिकटवायचा नाही, रंगवायचा नाही, परक्या कारखान्याचा तुकडा घ्यायचा नाही. तुकड्यावर ताण येईल अशा जोडणीला ते चक्क ‘बेकायदा’ म्हणतात. भाषाशुद्धीच्या चळवळी शिकवणाऱ्या मला हे घरच्यासारखे वाटले. मी नियम पाळले, आणि त्याचे कारण निष्ठा नव्हते. बंधन असले की शोध लागतो. दिव्याची काच म्हणून एक पारदर्शक बशी, हवेच्या नळीसाठी खेळण्यातल्या माणसाच्या हातातली काठी, पँटोग्राफसाठी जुन्या किल्ल्याच्या संचातले बिजागरीचे तुकडे. मर्ढेकरांची ‘भावनानिष्ठ समतानता’ वर्गात समजावताना मी नेहमी अडखळत असे. एका वस्तूच्या जागी तिच्यासारखी न दिसणारी, पण तोच परिणाम साधणारी दुसरी वस्तू ठेवायची, हे मला त्या काठीने शिकवले.

तिसरी परीक्षा रंगाची, आणि इथे मी हरले. जुनी छायाचित्रे कृष्णधवल. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात याच वर्गाचे ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन जपून ठेवले आहे. २०२१ च्या डिसेंबरात एका चर्चासत्राचे निमित्त साधून मी तिथे दोन तास घालवले. पण संग्रहालयातला रंग हा संग्रहालयाचा असतो. अण्णांना विचारले तर ते म्हणाले, “रंग कसला? तेल, ग्रीस आणि ब्रेकच्या धुळीचा रंग.” माझे समाधान झाले नाही. लेगोचे तपकिरी किती, त्यांतले कोणते तुकडे कोणत्या छटेत मिळतात, कोणती छटा कधी बंद झाली, याच्या याद्या मी करीत बसले. तुकडे परदेशातून मागवायचे, तर टपालखर्च तुकड्यांहून अधिक. गडद तपकिरी उतरते छत मिळेना म्हणून काम चार महिने थांबले. मग लालसर तपकिरीवर समाधान मानायचे ठरवले, मग पुन्हा मन बदलले.

या काळात अण्णांच्या डोळ्यांचा बोगदा अरुंद होत गेला. औषधे चालू होती, डॉक्टरांनी सांगितले होते की गेलेली दृष्टी परत येत नाही, आहे ती टिकवायची. २०२२ च्या पावसाळ्यात एके सकाळी त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेपलीकडे ठेवला आणि तो खाली पडला. तेव्हा मला समजले की मी ज्या छटेसाठी थांबले होते ती पाहणारे डोळे आता घरात नव्हते. मी रंगाचा विचार करीत होते आणि ते वाट पाहत होते, असे नव्हे. त्यांनी कधी घाई केली नाही, विचारलेही नाही. पण दोन वर्षांपूर्वी कसल्याही रंगाचा खेकडा मी त्यांच्यापुढे ठेवला असता तर तो त्यांनी पाहिला असता. हुबेहूबपणाच्या हट्टात कोणासाठी हा प्रश्न मी विसरले होते. ‘दृष्टिकोण कोणाचा?’ असे फळ्यावर लिहिणारी मीच.

त्या आठवड्यात मी मिळतील त्या तुकड्यांनी इंजिन पुरे केले. छत दोन छटांचे झाले. सुमारे एकोणीसशे तुकडे, बावन्न बटणांची लांबी, मधल्या धडात बॅटरी, दोन्ही नाकांत एक-एक लहान मोटर. एक दोष मात्र राहिला होता: वळणावर, आणि कधी सरळ रुळावरही, इंजिन अडखळत असे. चाके क्षणभर आवळली जात आणि मग झटक्याने सुटत. मोटर कमजोर असेल असे मला वाटले. मी ती दोनदा बदलली होती.

रविवारी दुपारी मी खेकडा अण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हात पुसले. आधी दोन्ही तळवे दोन नाकांवर ठेवले आणि हलकेच दाबून धड वळते का ते पाहिले. ते वळले तेव्हा त्यांनी मान हलवली. मग बोटे खाली चाकांवर गेली. डाव्या हाताची बोटे डाव्या दांडीवर, उजव्या हाताची उजव्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “अगं, दोन्ही रॉड एकदमच खाली आलेत.”

“मग?”

“मग अडकणार नाही तर काय? एका बाजूचा खाली असेल तेव्हा दुसऱ्या बाजूचा मध्ये हवा. पाव फेरा मागेपुढे. नाहीतर दोन्हीकडचे एकदमच मुडद्यासारखे सरळ होतात. चाकाला कळत नाही पुढं जायचं की मागं.”

मी इंजिन उलटे केले. दांडी चाकाच्या अगदी वरच्या किंवा खालच्या ठिकाणी नव्हे, तर आडव्या रेषेत आली की तिच्या ओढीने चाक फिरत नाही. त्या क्षणी दुसऱ्या बाजूची दांडी कामाला यावी लागते. म्हणून दोन बाजूंत पाव फेऱ्याचे अंतर ठेवतात. खऱ्या इंजिनांत शंभराहून अधिक वर्षे हे असेच चालत आले आहे. लेगोच्या आसाचा छेद अधिकच्या चिन्हासारखा असतो. चाक काढून पाव फेरा फिरवून पुन्हा बसवले की झाले. काम पाच मिनिटांचे होते. इंजिन न अडखळता चालले. दिल्लीत काढलेली दीडशे छायाचित्रे माझ्याजवळ होती, पण छायाचित्र एका वेळी एकच बाजू दाखवते. दोन्ही बाजू एकदम कळण्यासाठी दोन हात लागतात.

पुढचा अर्धा तास मी लिहून घेण्याचे काम केले. त्यांची बोटे धडाच्या कोपऱ्याशी थांबली. “इथं दांडा होता. चढताना डावा हात इथंच जायचा, न बघता.” माझ्या एकाही छायाचित्रात तो मला दिसला नव्हता, पुन्हा पाहिले तेव्हा होता. मी छत काढून दिले. केबिनमध्ये त्यांची दोन बोटे कशीबशी मावली. आत मी काहीच केले नव्हते, फक्त बटणांची उघडी जमीन होती. बाहेरून दिसत नाही ते कशाला करायचे, असा माझा हिशोब. त्यांची बोटे त्या रिकाम्या जागेत काही शोधत राहिली. मग त्यांनी सांगितले की उन्हाळ्यात आतले लोखंड कुठे भाजत असे, पावसाचे पाणी कुठून गळे, असिस्टंट डबा कुठे ठेवी, आणि चढावर जोर लागला की कोणत्या जागी उभे राहिल्यावर तळपायांतून कळे. त्यांनी रंगाबद्दल विचारले नाही.

“बाहेरून बरोबर झालाय ना?” मी विचारले.

ते हसले. “बाहेरून मी कधी धड पाहिला? मी आत असायचो.”

हे वाक्य मी अनेकदा आठवले आहे. मी केलेला खेकडा फलाटावरून दिसतो तसा होता. तो खोटा नव्हता. सात वर्षांच्या मुलीने नीट पाहिलेला होता. पण त्यात माणूस उभा राहील अशी जागाच मी ठेवली नव्हती. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चर्चेत आपण ‘अनुभवाची अधिकृतता’ म्हणतो, आणि मग लगेच कलात्मकतेकडे वळतो, जणू पहिली गोष्ट कच्चा माल आणि दुसरी प्रक्रिया. मला आता वाटते की ज्याने काम केले आहे त्याला तपशील अधिक ठाऊक असतात, एवढाच हा प्रश्न नाही. कोणता तपशील भार उचलतो आणि कोणता नुसता दिसतो, हे त्याला ठाऊक असते. माझ्या छटा दिसत होत्या. त्यांचा पाव फेरा भार उचलत होता. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. आतल्या माणसाने आकार पाहिलेला नसतो. खेकड्याला दोन नाके आहेत हे अण्णांना माहीत होते, पण तो खेकड्यासारखा दिसतो हे फलाटावरच्या कोणीतरी सांगितले असणार. दोघांपैकी एकाला काढून टाकून इंजिन होत नाही. हे मी आता वर्गात सांगते. ते परीक्षेत कसे लिहावे हे मुलांनी विचारले तर मला सांगता येत नाही.

त्या दुपारी मी आणखी एक गोष्ट विचारली. छत्तीस वर्षे विचारली नव्हती. “अण्णा, त्या दिवशी तुम्ही दादाला आत घेतलंत. मला का नाही घेतलं?”

त्यांनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. “कधी?”

मी सांगितले. फलाट, मे महिना, दादाचा हात. त्यांनी मनापासून आठवून पाहिले. अठ्ठावन्न साली बांधलेल्या विटेसारखे पक्के असलेले माझे ते दृश्य त्यांच्याकडे कुठेच नव्हते. “नसेल घेतलं,” ते म्हणाले. “भीती वाटली असेल मला.” मग थोड्या वेळाने, “नाहीतर तसंच राहून गेलं असेल.” एवढेच. मला राग येईल असे वाटले होते. तो आला नाही, समाधानही झाले नाही. ते केबिनच्या जमिनीवर बोट फिरवत होते.

त्यानंतर मी केबिन नव्याने केली. कंट्रोलरसाठी नळाच्या तोटीचा तुकडा, असिस्टंटचा डबा म्हणून एकच करडी लहान गोल वीट, कोपऱ्यावर दांडा. उभे राहायची जागा अण्णांनी बोटाने दाखवली तिथे एक बटण उघडे ठेवले आहे. बाकीची जमीन गुळगुळीत. बटण असल्याशिवाय लेगोचा माणूस उभा राहत नाही, आणि अण्णांच्या बोटालाही ती जागा सापडत नाही. बटणे झाकणाऱ्यांच्या पंथातून मी त्या एका बटणापुरती बाहेर पडले.

छत अजून दोन छटांचेच आहे. हवा होता तो तुकडा मध्यंतरी मिळू लागला आहे, असे मुलाने सांगितले. तो आता अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे आणि माझ्या जोडण्यांतल्या किती ‘बेकायदा’ आहेत हे मला मोजून दाखवतो. मी अजून तो मागवलेला नाही. संध्याकाळी कधी अण्णा खेकडा मागून घेतात, मांडीवर ठेवतात आणि छत काढून बाजूला ठेवतात. परवा ते म्हणाले, याच्यापुढे एक डबा जोड. मी विचारले, “कोणता? कसा?”

“कसलाही,” ते म्हणाले. “त्याची पाठ तेवढी नीट कर.”